पुढच्या तारखेची धास्ती : काचबिंदूचे रुग्ण, टाळेबंदी आणि मनावरचा भार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



साथीच्या रोगाचा हिशेब मांडण्याची एक ठरावीक रीत आहे. बाधित किती, बरे झाले किती, दगावले किती, असे तीन रकाने पाडले जातात. कोविडच्या साथीत देशभर दररोज हेच तीन रकाने जाहीर होत होते. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी या साथीची जागतिक आणीबाणी संपल्याचे घोषित केले आणि हे रकानेही लोकांच्या स्मरणातून पुसट होत गेले. परंतु या हिशेबात ज्यांची नोंद कोठेच झाली नाही असा एक मोठा वर्ग होता. त्यांना कोविड झालेला नव्हता. त्यांना दुसराच एखादा जुना आजार होता आणि त्या आजाराचे उपचार साथीमुळे लांबणीवर पडले होते. त्या काळात त्यांनी जे भोगले ते शरीराने भोगले तसेच मनानेही भोगले. काचबिंदूचे रुग्ण हे या वर्गाचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत विवेचन त्यांच्या मनःस्वास्थ्याविषयी आहे. मात्र विषय मनाचा आहे म्हणून तो अर्थकारणाच्या व राजकारणाच्या कक्षेबाहेरचा आहे, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

आजाराचे स्वरूप

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे बोलण्यात जोडीने येतात, त्यामुळे आजारही जवळपास एकच असावेत असा समज होतो. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसवले की बहुतेकांची गेलेली दृष्टी परत येते. काचबिंदूत डोळ्यात सतत तयार होणाऱ्या द्रवाचा निचरा नीट होत नाही, बहुधा डोळ्यातील दाब वाढतो, आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरू लागते. या नशीत दहा लाखांच्या आसपास तंतू असतात. मेलेला तंतू पुन्हा जिवंत होत नाही. म्हणजे या आजारात जे गेले ते कायमचे गेले. जे उरले आहे ते राखणे एवढेच वैद्यकाच्या हाती असते.

दुसरे वैशिष्ट्य असे की, बहुतेक रुग्णांत हा आजार निःशब्दपणे येतो. वेदना होत नाहीत, डोळा लाल होत नाही. नजर कडेने आक्रसत जाते आणि समोरचे अक्षर बराच काळ स्वच्छ दिसत राहते. त्यामुळे रुग्णाला स्वतःच्या अनुभवावरून आजाराची प्रगती कळत नाही. ती कळते यंत्रावरून. डोळ्याचा दाब मोजावा लागतो (तो सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो), नस पाहावी लागते, दृष्टीचे क्षेत्र किती उरले आहे याची चाचणी घ्यावी लागते. आणि हे सारे काही महिन्यांच्या अंतराने आयुष्यभर करावे लागते. रोज ठरल्या वेळी डोळ्यांत औषधाचे थेंब घालावे लागतात, तेही आयुष्यभर.

भारतात चाळिशी ओलांडलेल्या काचबिंदूग्रस्तांची संख्या सुमारे १ कोटी १२ लाख असावी, असा अंदाज नेत्रतज्ज्ञांनी २०१० मध्ये मांडला होता. त्यांतील फार मोठ्या संख्येला आपल्याला हा आजार आहे हेच ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक आहे ते त्या मानाने थोडे. या थोड्यांना वैद्यांनी सांगितलेले असते की, थेंब चुकवू नका आणि तारीख चुकवू नका. हा रुग्ण औषधावर जितका अवलंबून असतो तितकाच पुढच्या तारखेवर अवलंबून असतो. ती तारीख म्हणजे त्याच्या दृष्टीने केवळ तपासणीचा दिवस नसतो. अजून किती उरले आहे हे कळण्याचा तो एकमेव दिवस असतो.

तारीख नाहीशी झाली

ही तारीखच २०२० साली नाहीशी झाली. २४ मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी टाळेबंदी जाहीर केली आणि मध्यरात्री ती अमलात आली. एकशेतीस कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशाला तयारीसाठी मिळालेला अवधी चार तासांचा होता. पायी निघालेल्या मजुरांचे हाल निदान रस्त्यावर दिसले. घरात बसलेल्या रुग्णांचे हाल कोणालाच दिसले नाहीत.

या काळात भारतातील नेत्रतज्ज्ञांची एक पाहणी झाली. उत्तरे देणाऱ्या १,२६० तज्ज्ञांपैकी ७२.५ टक्के तज्ज्ञ त्या दिवसांत एकही रुग्ण तपासत नव्हते. या आकड्यावरून वैद्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. डोळा तपासताना वैद्य आणि रुग्ण यांच्या चेहऱ्यांत वीतभराचेच अंतर उरते. वुहानमधील डॉ. ली वेनलियांग या तरुण नेत्रतज्ज्ञाने साथीचा इशारा आपल्या सहकाऱ्यांना दिला म्हणून पोलिसांनी त्याला समज दिली होती. पुढे तो स्वतःच या रोगाला बळी पडला. ७ फेब्रुवारी २०२० रोजी त्याचा मृत्यू झाला. त्याला ज्या रुग्णाकडून संसर्ग झाला असे मानले जाते, ती काचबिंदूचीच रुग्ण होती. तेव्हा वैद्यांची भीती खोटी नव्हती. परंतु भीती खरी असणे ही एक गोष्ट झाली, आणि त्या भीतीवर सार्वजनिक व्यवस्थेने उपाय योजणे ही दुसरी. पहिली नैसर्गिक होती. दुसरी शासनाची जबाबदारी होती.

या जबाबदारीचे काय झाले? औषधांची दुकाने उघडी ठेवली गेली, हे खरे. पण त्या दुकानापर्यंत नेणारी एस.टी. बंद होती. महाराष्ट्रात आंतरजिल्हा एस.टी. वाहतूक पुन्हा सुरू व्हायला २० ऑगस्ट २०२० उजाडले. मुंबईची लोकल सर्वसामान्यांसाठी १ फेब्रुवारी २०२१ रोजी, तीही ठरावीक वेळांत, सुरू झाली. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली. अनेक सरकारी रुग्णालयांतील खाटा, कर्मचारी आणि विभाग कोविडकडे वळवले गेले. श्रीमंताची मोटार पास काढून निघू शकत होती. तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याच्या रुग्णालयात महिन्याचे थेंब आणायला जाणाऱ्या शेतमजुराला मात्र रस्ता उरला नव्हता. शिवाय, काचबिंदू हा मुख्यतः उतारवयाचा आजार, आणि मे २०२० मधील केंद्रीय गृहमंत्रालयाच्या आदेशांत ६५ वर्षांवरील व्यक्तींनी घरातच राहावे असे म्हटले होते. आरोग्याच्या कारणासाठी बाहेर पडण्याची मुभा त्यात होती. पण ती मुभा वापरायला लागणारे वाहन आणि उघडे असलेले रुग्णालय या दोन्ही गोष्टी आदेशात नव्हत्या.

दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देण्याविषयी केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजीच मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. एप्रिलमध्ये ‘ई-संजीवनी’ची बाह्यरुग्ण सेवा सुरू झाली. ही पावले स्वागतार्ह होती. तथापि डोळ्याचा दाब दूरध्वनीवर मोजता येत नाही आणि दृष्टीचे क्षेत्र पडद्यावरच्या संभाषणातून कळत नाही. काचबिंदूच्या रुग्णाला जे हवे होते नेमके तेच या मार्गाने मिळण्यासारखे नव्हते.

मनाची कोंडी

आता या रुग्णाच्या मनाचा विचार करू. ताप आलेल्या माणसाला ताप उतरला की कळते. दुखण्याला एक भाषा असते. ते वाढले वा कमी झाले हे शरीर सांगते. काचबिंदूचे शरीर काहीच सांगत नाही. तारीख चुकलेला रुग्ण एक डोळा झाकून दिनदर्शिकेवरचे आकडे वाचून पाहतो, मग दुसरा झाकून पाहतो. आकडे दिसतात, पण त्यामुळे समाधान होत नाही, कारण आकडे शेवटपर्यंत दिसतात हे त्याला सांगितलेले असते. आपली दृष्टी या क्षणी जाते आहे की टिकून आहे, याचे उत्तर त्याला कोठूनच मिळू शकत नाही. अनिश्चिततेचा इतका निखळ प्रकार फारच थोड्या आजारांत आढळेल.

यात थेंबांची चिंता मिसळते. बाटली संपत आली आणि पुढची कधी मिळेल याची खात्री नसली, की दोन वेळांचा थेंब एका वेळेवर येतो. आपणच आपला डोळा घालवत आहोत अशी टोचणी त्यातून सुरू होते. हात थरथरणाऱ्या वृद्धाच्या डोळ्यांत थेंब घालायला शेजारची सून किंवा नातवंड येत असे. संसर्गाच्या धास्तीने तेही येईनासे झाले. कडेची नजर अधू असलेल्याला पायाखालचे जपून पाहावे लागते. मुखपट्टीने नेमका तोच खालचा भाग झाकला जातो आणि श्वासाने चष्म्याच्या काचा धूसर होतात. ती धूसरता वाफेची की आजाराची, असा प्रश्न क्षणभर का होईना, छातीत धडकी भरवून जातो.

सर्वांत मोठी कोंडी बोलण्याची होती. घरातल्या कमावत्याची नोकरी गेलेली, गल्लीत कोणी प्राणवायूसाठी धावाधाव करीत असलेला. अशा वेळी ‘माझ्या डोळ्यांची तपासणी राहिली’ असे कोणत्या तोंडाने म्हणावे? मृत्यूच्या बातम्यांपुढे दृष्टीची काळजी क्षुल्लक वाटू लागते आणि माणूस ती गिळून टाकतो. स्त्रियांच्या बाबतीत हे दुप्पट खरे आहे. काचबिंदूचा एक प्रकार, ज्यात निचऱ्याचा कोपराच बंद होतो आणि प्रसंगी एकाएकी तीव्र वेदना होऊन नजर जाते, तो स्त्रियांत अधिक आढळतो. आणि घरातल्या खर्चाच्या क्रमवारीत स्त्रीचा डोळा सर्वांत शेवटी येतो, हे तर आपल्या समाजात वेगळे सिद्ध करण्याची गरज नाही.

साथ नसतानाही हा आजार मनावर किती भार टाकतो याचे एक मोजमाप जपानमधून मिळते. तेथील नेत्रतज्ज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काचबिंदूच्या सुमारे १३ टक्के रुग्णांत चिंताविकाराची आणि सुमारे ११ टक्के रुग्णांत नैराश्याची लक्षणे आढळली. हा आजार नसलेल्या लोकांत ही प्रमाणे जवळपास निम्मी होती. जपानमध्ये १९६१ पासून सार्वत्रिक आरोग्यविमा आहे. तपासणीची तारीख आणि थेंबांची बाटली यांची शाश्वती असलेल्या देशातली ही स्थिती. जेथे या दोन्हींची शाश्वती नाही, तेथे साथीच्या काळात मनांची काय अवस्था झाली असेल, याचा अंदाज बांधणे कठीण नाही.

भीती हे ज्ञान आहे

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. या भीतीला आजार म्हणायचे काय? निराधार शंकेने पछाडलेल्या माणसाला समुपदेशन द्यावे, हे योग्यच. परंतु उपचार थांबले तर दृष्टी जाईल, ही काचबिंदूच्या रुग्णाची भीती निराधार नाही. ती त्याला त्याच्या वैद्यानेच शिकवलेली आहे. ती भीती म्हणजे परिस्थितीचे यथार्थ ज्ञान होय. अशा माणसाला ‘मन शांत ठेवा’ एवढाच सल्ला देणे म्हणजे गळक्या छपराखाली बसलेल्याला पावसाकडे दुर्लक्ष करायला सांगण्यासारखे आहे.

मन आणि डोळा यांचा संबंध नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील नेत्रतज्ज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, औषधांच्या जोडीला तीन आठवडे नियमित ध्यान करणाऱ्या रुग्णांच्या डोळ्यांतील दाब कमी झाल्याचे आढळले. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. पण त्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. शांत मनाने दाब उतरत असेल, तर व्यवस्थेने मनावर लादलेला ताण हा डोळ्यालाही अपायकारक ठरण्याचा संभव आहे. म्हणजे धास्ती ही उपचार लांबल्याचा केवळ परिणाम राहत नाही. ती नुकसानीचे आणखी एक कारण होऊ शकते. ध्यान अवश्य शिकवावे, पण ते थेंबांच्या आणि तारखेच्या जोडीला. त्यांच्या बदली नव्हे.

न लिहिलेला खर्च

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या प्रश्नाकडे पाहिले तर काय दिसते? कार्ल विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली ‘सामाजिक खर्चा’ची संकल्पना सविस्तर मांडली. कारखाना आपले सांडपाणी नदीत सोडतो तेव्हा त्याचा खर्च त्याच्या वहीत दिसत नाही. तो नदीकाठच्या लोकांच्या अंगावर पडतो. कापचे म्हणणे असे की, वहीत न आलेला खर्च शून्य नसतो; तो फक्त दुर्बळांच्या माथी मारलेला असतो. कापने हे खाजगी उद्योगांविषयी लिहिले, पण सार्वजनिक व्यवस्थेलाही ते लागू पडते. तपासणी पुढे ढकलली की रुग्णालयाचा ताण हलका होतो, अंदाजपत्रकावर भार पडत नाही. पडतो तो रुग्णावर. त्याची झीज होते, झोप उडते, मजुरी बुडते, आणि एके दिवशी नजर गेली की घरातले आणखी एक माणूस, बहुधा बाईमाणूस, त्याचा हात धरण्यासाठी अडकून पडते. हा सगळा खर्च कोणत्याही शासकीय लेख्यात येत नाही.

आपल्या आरोग्ययोजनांची घडणही याला पोषक आहे. आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. तिचे छत्र रुग्णालयात दाखल होणाऱ्यांपुरते आहे. महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०२० मध्ये राज्यातील सर्व रहिवाशांना खुली करण्यात आली, हे चांगलेच झाले. पण तिचाही भर दाखल होऊन करायच्या उपचारांवर आहे. काचबिंदूचा बहुतेक रुग्ण दाखल होतच नाही. त्याचा खर्च दरमहा बाटलीचा, बसभाड्याचा आणि बुडालेल्या रोजाचा असतो, आणि तो त्याच्या खिशातून जातो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून केला. त्याच वर्षी सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत तो २.५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. साथीच्या वर्षातही आपण त्याच्या बरेच अलीकडे होतो.

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. त्याने मोतीबिंदूच्या बाबतीत केलेले काम मोठे आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. पण मोतीबिंदू एका शिबिरात काढता येतो, मोजता येतो, त्याचे छायाचित्र काढता येते. आपल्या संस्था-संघटनाही नेत्रशिबिरे भरवतात आणि किती शस्त्रक्रिया झाल्या याचा आकडा अहवालात देतात. काचबिंदूच्या रुग्णाशी आयुष्यभराचे नाते ठेवावे लागते, आणि राखलेल्या दृष्टीचे छायाचित्र निघत नाही. म्हणून तो शासनाच्या आकड्यांत बसत नाही आणि आपल्या अहवालांतही बसत नाही. वेल्समधील समाजवादी विचाराचे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये एक नियम सांगितला होता : ज्यांना वैद्यकीय सेवेची गरज अधिक, त्यांच्या वाट्याला ती कमी येते, आणि सेवा बाजाराच्या हवाली जितकी अधिक, तितकी ही विषमता अधिक. टाळेबंदीने हा नियम निर्माण केला नाही. तो उघड्यावर आणला.

एक आक्षेप

यावर असे म्हटले जाईल की, हजारो जीव जात असताना डोळ्यांना दुय्यम स्थान देणे अपरिहार्य होते. या म्हणण्यात तथ्य आहे. संकटात क्रम लावावाच लागतो. परंतु पुढे ढकलणे आणि वाऱ्यावर सोडणे यांत फरक आहे. ‘तीन महिन्यांनी या, तोवर हे थेंब घ्या, डोळा दुखला वा नजर एकाएकी अंधुक झाली तर या ठिकाणी लगेच या,’ असे सांगणारा निरोप घरी पोचला असता, तर त्याला पुढे ढकलणे म्हणता आले असते. बंद दारावर चिकटवलेल्या सूचनेला ते म्हणता येणार नाही. पहिल्या प्रकारात रुग्णाला तारीख मिळते, आणि तारीख हाच त्याच्या मनाचा आधार असतो. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, मोठी तरतूद लागत नाही. लागते ती नावांची यादी आणि निरोप पोचवणारे माणूस.

काय करावे

पहिली मागणी अशी की, काचबिंदू, मधुमेह, क्षयरोग, अपस्मार अशा दीर्घ आजारांच्या रुग्णांची नोंदवही प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असावी आणि आणीबाणीच्या काळात तिच्या आधारे औषध घरपोच जावे. दुसरी, काचबिंदूचे मूलभूत थेंब ग्रामीण रुग्णालयात बारमाही आणि मोफत मिळावेत. टिमोलॉल आणि लॅटानोप्रॉस्ट हे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. अत्यावश्यक या शब्दाचा अर्थ गरिबालाही लागू असला पाहिजे. तिसरी, विमा योजनांचे छत्र बाह्यरुग्णाच्या दीर्घ उपचारांपर्यंत वाढवावे. चौथी, दृष्टी धोक्यात असलेल्या रुग्णाच्या मनाची विचारपूस नेत्रविभागातच व्हावी. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेली-मानस’ची १४४१६ या क्रमांकाची सेवाही सुरू झाली आहे, पण ज्याला आपली भीती आजार वाटत नाही, तो तो क्रमांक फिरवणार नाही. त्याच्यापर्यंत व्यवस्थेने जावे लागेल.

हे काम आशा कार्यकर्त्यांच्या माथी फुकट मारले जाऊ नये, हेही स्पष्ट केले पाहिजे. साथीत घरोघर फिरलेल्या या स्त्रियांना योग्य मोबदल्यासाठी जून २०२१ मध्ये महाराष्ट्रात संप करावा लागला. एकाचा भार उतरवून तो दुसऱ्या दुर्बळावर ठेवणे ही समाजवादी रीत नव्हे.

कार्यकर्त्यांनी शासनाची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. आपापल्या गावात आणि वस्तीत काचबिंदूचे रुग्ण कोण आहेत, त्यांच्या भावंडांची व मुलांची तपासणी झाली आहे काय (कारण रक्ताच्या नात्यात या आजाराचा धोका वाढतो), साथीत ज्यांच्या तारखा चुकल्या ते पुन्हा उपचारांकडे वळले की नाहीत, याची चौकशी प्रत्येक शाखेला करता येईल. पुढच्या नेत्रशिबिरात मोतीबिंदूबरोबर डोळ्यांचा दाब मोजण्याची आणि त्यानंतरच्या वर्षभराच्या पाठपुराव्याची जबाबदारी घेता येईल. अहवालात शस्त्रक्रियांच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा लिहावा : वर्षभरात ज्यांची एकही तारीख चुकू दिली नाही, असे रुग्ण किती. पुढील वर्षीच्या अभ्यासवर्गात प्रत्येक शाखेने तो आकडा घेऊन यावे.